समजलं नाही, परत सांगा

आमच्या धंद्यात सगळ्यात घातक शब्द कुठला असं कुणी विचारलं, तर मी एका दमात सांगेन, ‘सरी’. बेंगळुरात राहणाऱ्यांना तो सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. सरी म्हणजे बरं, ठीक, कळलं. रिक्षावाला सरी म्हणतो, वॉचमन सरी म्हणतो, प्लंबर तर आपलं वाक्य संपायच्या आत दोनदा म्हणतो. इतकं गोड मान डोलावून म्हणतात की आपल्याला वाटतं, चला, एक काम झालं. मग तो प्लंबर येतो आणि स्वयंपाकघरातला नळ सोडून न्हाणीघरातला खोलून ठेवतो. त्याला काही कळलेलं नसतं. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून तो सरी म्हणालेला असतो.

मी स्पीच थेरपिस्ट. आधी बरीच वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात आणि निवृत्तीनंतर मल्लेश्वरमला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत हेच काम करत आले. मराठीत याला वाचा-उपचार की काहीसं म्हणतात. माझ्या सासूबाई ‘बोलायची शिकवणी’ म्हणायच्या, आणि मला तेच नाव आवडतं. पण आम्ही नक्की काय करतो हे लोकांना कधी धड कळलं नाही. एक बाई मुलीला घेऊन आल्या, हिचा गाण्याचा गळा तयार करून द्या म्हणाल्या. एक गृहस्थ आले, बायको फार बोलते, त्यावर काही उपाय आहे का? मी म्हटलं, "आहे ना. पण तो तुम्हाला करावा लागेल, कानांवर." पुन्हा काही आले नाहीत.

तर काम असं. बोलताना माणसाला वाटतं की शब्द आपोआप बाहेर पडतात. आपोआप काही होत नाही हो! छातीतून श्वास यावा लागतो, घशात त्याचा आवाज व्हावा लागतो, मग जीभ, ओठ, टाळू, जबडा सगळ्यांनी वेळेवर आपापली जागा घ्यावी लागते. यातलं एक जरी ढिलं पडलं तर शब्द लगद्यासारखा बाहेर येतो. लकव्याचा झटका येऊन गेलेल्या पुष्कळ लोकांचं हे होतं. डोकं शाबूत असतं, काय बोलायचं ते लख्ख ठाऊक असतं, पण जीभ ऐकत नाही. आणि समोरच्याला वाटतं, यांना काही समजतच नाही. मग तो मोठ्यांदा, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागतो. एवढा संताप येत असेल त्या माणसाला! बोलताच येत नाही म्हणून शिव्याही देता येत नाहीत.

ज्यांना काही आजार नाही असेही येतात. इलेक्ट्रॉनिक सिटीतून निनाद नावाचा एक नागपूरचा पोरगा यायचा. हुशार, लाघवी, आणि बोलण्याचा वेग असा की पहिलं वाक्य दुसऱ्याच्या अंगावर, दुसरं तिसऱ्याच्या. ऑफिसात रोज सकाळी उभ्याउभ्या मीटिंग व्हायची, त्यात हा आपलं काम सांगायचा, सगळे माना हलवायचे, आणि दुपारपर्यंत निम्म्यांनी भलतंच करून ठेवलेलं असायचं. "अहो मॅडम, मी विचारतो ना सगळ्यांना, समजलं का म्हणून! सगळे हो म्हणतात!"

मी म्हटलं, "मग तसं विचारूच नकोस. ‘काय समजलं ते सांगा’ असं विचार."

त्याने ते करून पाहिलं आणि पुढच्या आठवड्यात तोंड पाडून आला. म्हणाला, "कोणालाच काही समजत नव्हतं मॅडम. दोन वर्षांपासून." मला हसू आवरेना. पण त्या दिवसापासून तो सुधारला, कारण कुठे थांबायचं ते त्याला समोरच्यांच्या तोंडूनच कळायला लागलं. माझी निम्मी विद्या एवढीच आहे. बोलणाऱ्याला मी थोडं शिकवते, बाकीचं ऐकणाऱ्यांना शिकवावं लागतं. घरच्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते, कळलं नसेल तर कळलं म्हणू नका. ‘समजलं नाही, परत सांगा’ म्हणा. हे ऐकायला निष्ठुर वाटतं, पण त्याच्याइतकं मायेचं वाक्य दुसरं नाही. आमच्या घरी मात्र मी ते म्हटलं की आमचे हे वर्तमानपत्र तोंडासमोर धरतात.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला घेतलं त्या विठ्ठलराव अण्णांकडे येते.

चिकपेटमध्ये अण्णांचं रेशमी साड्यांचं दुकान. जुनं दुकान, अजून गादीवरचं. खालच्या पायरीवर चपला काढायच्या, वर जाऊन पांढऱ्या गादीवर मांडी घालायची, आणि मग समोर घड्या उलगडत जातात. अण्णांचं घराणं आमच्यासारखंच पिढ्यान्‌पिढ्या इथलं. आमचे पूर्वज तीन-चारशे वर्षांमागे इकडे आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळे आमची मराठी म्हणजे घरातली, देवघरातली, भांडणातली मराठी. उंबऱ्याबाहेर पाय टाकला की कन्नड. आमचं बोलणं ऐकून पुण्याची माणसं आधी हसतात, मग ‘किती गोड’ म्हणतात. हसलेलं परवडतं एक वेळ.

अण्णांना सत्तरीत झटका आला. हातपाय महिन्या-दोन महिन्यांत बरेच सावरले, पण बोलणं गेलं. गेलं म्हणजे शब्द होते, पण जड, ओले, एकमेकांना चिकटलेले. मुलगा श्रीधर त्यांना माझ्याकडे घेऊन आला. मी अण्णांना विचारलं, "कसं आहे?" उत्तर श्रीधरने दिलं. मी विचारलं, "जेवताना ठसका लागतो का?" तेही श्रीधरनेच सांगितलं. मुलगा गुणाचा, बापावर जीव टाकणारा. अण्णांनी नुसता ओठ हलवला की हा पुढचं वाक्य पूर्ण करायचा, "अण्णांना म्हणायचंय की..." अण्णा डोळे मिटून घ्यायचे.

मी म्हटलं, "श्रीधर, स्वल्प बाहेर बस पाहू. आमचे हे आहेत व्हरांड्यात, त्यांच्याबरोबर कॉफी घे."

तो गेल्यावर अण्णांनी डोळे उघडले. मी त्यांना विचारलं, "सगळ्यात आधी काय नीट बोलता यायला हवंय तुम्हाला?" बहुतेक लोक बायकोचं नाव सांगतात, नाहीतर देवाचं. अण्णांनी बराच वेळ घेतला. तोंडाची एक बाजू ओढली जात होती. शेवटी म्हणाले, "बो... णी."

बोणी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. पुण्या-मुंबईकडे भवानी म्हणतात. चिकपेटमध्ये तिचं भारी प्रस्थ. पहिलं गिऱ्हाईक जसं होईल तसा दिवस जाणार. अण्णांच्या दुकानात बोणी घरातल्या थोरल्या माणसाने करायची, नोकरांनी नाही, मुलांनी नाही. त्यांच्या वडिलांनंतर रोज सकाळी अण्णाच करत आले होते. झटक्यानंतर श्रीधर करायला लागला, आणि अण्णांना गल्ल्यापाशी उशीला टेकवून बसवलं गेलं. येणारेजाणारे नमस्कार करायचे, ‘बरं आहे ना’ म्हणायचे, आणि उत्तराची वाट न पाहता श्रीधरकडे वळायचे.

हे सगळं मला अण्णांनी तुकड्यातुकड्याने सांगितलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मला परत परत विचारावं लागलं, कारण मला खात्री करून घ्यायची होती. श्रावणात वरमहालक्ष्मीचा सण येतो, त्याच्या आधी चिकपेटमध्ये साड्यांसाठी पाय ठेवायला जागा नसते. सणाच्या आदल्या शुक्रवारची बोणी ते करणार होते. जमली तर गादीवर बसणार. नाही जमली तर गादी श्रीधरची, आणि आपण घरी बसायचं, पुन्हा दुकानाची पायरी चढायची नाही. हे त्यांनी घरात जाहीर करून टाकलं होतं, हाताने खुणा करून. श्रीधर म्हणाला होता, "कशाला अण्णा, नुसतं बसा की तुम्ही!" त्या ‘नुसतं बसा’ने म्हातारा पेटला होता.

आम्ही कामाला लागलो. ताठ बसायचं. आधी श्वास भरायचा, मग बोलायचं, श्वास संपत आला की थांबायचं. वाक्य लहान. एकेका शब्दाला बोटाने मांडीवर टकटक करायची, म्हणजे शब्द आपोआप सुटे होतात. तोंड नेहमीपेक्षा जास्त उघडायचं, लाज सोडून. अण्णा सगळं करायचे, पण मन लागत नव्हतं. एक दिवस कारण कळलं.

श्रीधरची बायको मुग्धा पुण्याची. पोरगी सोन्यासारखी, आणि कुठलंही काम हातात घेतलं की तडीला नेणारी. तिने सासऱ्यांच्या सरावासाठी रंगीत चित्रांची कार्डं केली होती. हत्ती, घर, सफरचंद. मागे सुवाच्य अक्षरात वाक्यं. "कृपया मला पाणी द्या." "आज हवामान आल्हाददायक आहे." रोज सकाळ-संध्याकाळ ती अण्णांकडून हे म्हणून घ्यायची. तिचा हेतू मातृभाषेत सराव व्हावा हा. आता मला सांगा, अण्णांनी जन्मात कधी कुणाला ‘कृपया’ म्हटलं असेल? त्यांच्या घरात पाणी मागायचं म्हणजे ‘पाणी आण गे’ एवढंच. आणि आल्हाददायक! ते तर मला धडधाकट असून पहिल्या खेपेला नीट म्हणता येत नाही.

मी मुग्धाला बोलावून घेतलं. म्हटलं, "हे बघ, जीभ सगळ्या भाषांत सारखीच लटपटते, पण माणूस सगळ्या भाषांत सारखा नसतो. अण्णा मराठीत सासरे आहेत, बाप आहेत. दुकानदार ते कन्नडमध्ये आहेत. त्यांना परत दुकानदार व्हायचंय."

ती ओशाळली, मग हसली. "म्हणजे मी त्यांना एलकेजीत घातलं की काय?"

"घातलंस. पण सुट्टी झाली आता."

दुसऱ्या दिवशी श्रीधरने माझ्याकडे साड्यांचं एक गाठोडं आणून टाकलं. मी खोलीत सतरंजी घातली आणि गिऱ्हाईक होऊन बसले. अण्णांनी साडीच्या घडीला हात लावला आणि माणूस बदलला हो! पाठ ताठ, मान वर. "बन्नी अम्मा, कूतकोळ्ळी." या अम्मा, बसा. अडखळत आलं, पण आलं. त्यात अर्धं काम त्या घडीने केलं होतं.

पण मी कच्च्या गुरूची चेली नव्हे. अर्धवट कळलं तरी मी म्हणायची, "समजलं नाही. परत सांगा." पदर कसला आहे, जर खरी की खोटी, धुवायची कशी, सगळं परत परत. एक दिवस अण्णांनी घडी आपटली, उठले आणि निघून गेले. जाताना काहीतरी बोलले. ते मला समजलं, पण इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर काही दिवस ते आलेच नाहीत. मला वाटलं, संपलं. असे कितीतरी गेलेत माझ्याकडून. घरचे सगळं ओळखून घेतात, माणसाला बोलायची गरजच ठेवत नाहीत, आणि मग एक दिवस तो बोलणं सोडून देतो. त्यांतले काही चेहरे अजून डोळ्यांपुढे येतात. आपण आणखी एकदा फोन करायला हवा होता, असं वाटतं.

या खेपेला मी फोन केला. मुग्धाने उचलला. मी विचारलं, "घरात अण्णा काय बोलतात?"

"बोलायची वेळच येत नाही त्यांच्यावर. नुसतं हं केलं तरी आम्हाला कळतं," ती अभिमानाने म्हणाली. मग तिचं तिलाच ते ऐकू आलं. हळूच म्हणाली, "कळायला नको का?"

"नको," मी म्हटलं.

पुढचं तिनेच मला सांगितलं. दुपारी अण्णा जेवायला बसले, पहिला घास घेतला आणि ताटाकडे बघून हं केलं. मुग्धा म्हणाली, "समजलं नाही, अण्णा." त्यांनी आणखी मोठा हुंकार दिला. "समजलं नाही, परत सांगा." श्रीधर सांगायला तोंड उघडत होता, त्याला तिने डोळ्यांनी दटावलं. अण्णा लाल झाले. मग त्यांनी पाठ ताठ केली, श्वास भरला, मांडीवर बोट आपटत म्हणाले, "हुळीत... मीठ... नाही!" शब्द न्‌ शब्द सुटा. शेजारच्या घरात ऐकू गेला असेल. हुळी म्हणजे आमच्याकडचं सांबार. मुग्धाने मीठ मुद्दामच घातलं नव्हतं, हे तिने मला नंतर कानात सांगितलं. बया पुण्याची खरी!

दुसऱ्या दिवशी अण्णा गाठोडं घेऊन हजर. बसता बसता म्हणाले, "तुमीच... शिकवलं तिला."

"हो," मी म्हटलं. "समजलं ते सगळं."

आता एकच अवघड गोष्ट राहिली होती. गादीवरच्या दुकानात घासाघीस ठरलेली. भाव ऐकून गिऱ्हाईक ‘जास्ती आयतु’, फार झालं, म्हणतं, उठतं, चपला घालायला पायऱ्यांकडे जातं. ते खरंच जात नसतं. दुकानदाराने त्याला परत बोलवायचं असतं. लवकर हाक मारली तर भाव पडतो, उशीर केला तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात. गिऱ्हाईक शेवटच्या पायरीवर पोचलं की अण्णा हाक मारायचे, आणि त्यांची हाक परतवून लावणारं गिऱ्हाईक गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं म्हणे. पण हाक पायऱ्यांपर्यंत पोचायला हवी, आणि चिकपेटची गल्ली काय असते! हमाल ओरडताहेत, दुचाकीवाले हॉर्न वाजवताहेत. अण्णांचा श्वास जेमतेम चार शब्दांचा. मग आम्ही रोज तेच केलं. ते माझ्या खोलीत बसायचे, मी फाटकाकडे चालायला लागायची. ऐकू आलं तरच वळायचं, हा नियम. कितीदा मी फाटक उघडून रस्त्यावर गेले! शेजारच्या बाईंनी आमच्या ह्यांना विचारलं, "अक्का रोज रुसून कुठे जातात?"

शुक्रवार आला. मी मेट्रोने चिकपेटला उतरले आणि दुकानात कोपऱ्यात जाऊन बसले. अण्णा गादीवर, धुतलेल्या पांढऱ्या शर्टात. देवापुढे उदबत्ती. श्रीधर आणि मुग्धा मागे, घड्या लावल्याचं नाटक करत.

पहिलं गिऱ्हाईक आलं. तिशीतली एक मुलगी, खांद्याला ऑफिसची बॅग. पायऱ्या चढून आली आणि हात जोडून म्हणाली, "नमस्कार काका! छानशी साडी दाखवा ना."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. एक घडी काढली, उलगडली. "हे... शुद्ध..." त्यांनी सुरुवात केली.

"हो हो, कळलं काका! खूप सुंदर आहे. पॅक करा."

अण्णांचा हात घडीवरच थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मागे वळून श्रीधरकडे पाहिलं, आणि श्रीधर छताकडे बघायला लागला. माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. चिकपेटच्या दुकानात शिरल्या शिरल्या मराठीत कोण बोलतं? इथले मराठी लोकसुद्धा आधी कन्नडमध्येच तोंड उघडतात, मराठीचा पत्ता नंतर लागतो. हिला कुणी सांगितलं हे दुकान मराठी माणसाचं आहे म्हणून? वर भाव नाही विचारला, पदराला हात नाही लावला. रेशीम न चोळता साडी घेणारी बाई अजून जन्मायची आहे.

"कोणी..." अण्णांनी श्वास घेतला, "कोणी... पाठवलं?"

मुलगी गोंधळली. "मला? नाही, म्हणजे... मुग्धाने..."

मुग्धाच्या ऑफिसातली मैत्रीण होती ती, सायली नावाची. श्रीधरनेच बेत केला होता. अण्णांचं हसं होऊ नये, गादी जाऊ नये, म्हणून. मुग्धाला रडू फुटायच्या बेतात होतं. "अण्णा, आमचा हेतू वाईट नव्हता हो," ती म्हणाली.

अण्णांनी साडीची घडी परत घातली, काठाला काठ लावून. मग सायलीला म्हणाले, "बस... पोरी. कॉफी... घे. ही... बोणी... नव्हे."

श्रीधरचा चेहरा उतरला. आलेलं पहिलं गिऱ्हाईक बोणी न करता बसवून ठेवायचं म्हणजे चिकपेटमध्ये अपशकुनच. आणि आता येईल ते गिऱ्हाईक खरं. मी मनात म्हटलं, श्रीधर, बाबा, तू माझ्या शिकवणीला यायला हवं होतंस.

थोड्या वेळाने एक बाई आल्या, बरोबर लग्नाच्या वयाची मुलगी. हातात दोन पिशव्या, कपाळावर घाम, चेहऱ्यावर ‘मला फसवून दाखवा’. गाव बाहेरचं असावं. चपला काढता काढताच म्हणाल्या, "रेष्मे सीरे तोरसी." रेशमी साड्या दाखवा.

"बन्नी... अम्मा. कूत... कोळ्ळी."

बसल्या. अण्णांनी साड्या टाकल्या. बाईंनी एकीचा पदर उजेडात धरला, बोटांनी चोळला, काठ ओढून पाहिला आणि जरीबद्दल काही विचारलं. अण्णा उत्तर द्यायला लागले आणि घाईत सगळे शब्द गोळा झाले.

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "अर्थ आगलिल्ला. सरियागि हेळी."

समजलं नाही, नीट सांगा! ना दया, ना संकोच. अगदी माझंच वाक्य, आणि बाईंना फी सुद्धा द्यावी लागली नव्हती. श्रीधरचं तोंड उघडलं. मी त्याची बाही अशी धरली की शिवण उसवली असेल.

अण्णा ताठ बसले. श्वास भरला. बोट मांडीवर. आणि जरीचं सगळं सांगितलं, एकेक शब्द वेगळा ठेवून, जशा साड्या ठेवाव्यात. बाई ऐकत होत्या, मध्येच ‘हां’ म्हणत होत्या. मग भाव विचारला. अण्णांनी सांगितला.

"जास्ती आयतु! कम्मी माडी." कमी करा.

"आगल्ल," अण्णा म्हणाले. होणार नाही. हा शब्द तर घंटेसारखा वाजला.

मग जुंपली. बाई म्हणाल्या समोरच्या दुकानात स्वस्त आहे. अण्णा म्हणाले, तिथली जर बघून या. बाई म्हणाल्या, तुमची जर काय सोन्याची आहे? दोघेही असे भांडत होते की माझे डोळे भरून आले. मुक्या माणसाशी कुणी घासाघीस करत नाही हो. त्याच्याशी गोड बोलतात. त्या बाई अण्णांशी गोड बोलत नव्हत्या.

शेवटी त्या उठल्या. मुलीला हाताला धरलं आणि पायऱ्यांकडे निघाल्या. पहिली पायरी. दुसरी. एक चप्पल घातली. बाहेर कुणीतरी हातगाडी अडकवली होती आणि हॉर्नचा कल्लोळ चालला होता. श्रीधर मुग्धाच्या कानात म्हणाला, "गेली." अण्णा शांत. बाईंनी दुसरी चप्पल घातली, शेवटच्या पायरीवरून खाली पाऊल टाकलं.

"अम्मा! बन्नी!"

फाटकाच्या पलीकडे जायची सवय लागलेली मी पहिली वळले. मग बाई वळल्या. समोरच्या दुकानातला नोकरसुद्धा वळून बघायला लागला. बाईंनी चपला काढल्या, परत वर आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "स्वल्प तरी सोडा." अण्णांनी स्वल्प सोडलं, अगदी स्वल्प. व्यवहार झाला. पैसे डोळ्यांना लावून अण्णांनी देवापुढे ठेवले. श्रीधरने पुढे होऊन वडिलांच्या पायांवर डोकं टेकवलं. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सरी, सरी. ऊठ. गिऱ्हाईक... येतील." तो सरी मात्र खरा होता.

दिवसभर गर्दी हटली नाही. सायलीने ऑफिसला रजाच टाकली आणि नीट घासाघीस करून एक साडी घेतली. अण्णांनी तिला कन्नडमध्ये भाव करायला लावला, तोही शिकवून.

मी निघायच्या वेळी मलाही मोह झाला. मोरपंखी रंगाची, बारीक काठाची एक होती. मनात म्हटलं, एवढी मेहनत केलीय, घरच्या माणसाचा भाव मिळेल. विचारलं, तर अण्णांनी त्या बाईंना सांगितला होता तोच भाव सांगितला. मी म्हटलं, काहीतरी कमी करा. त्यांनी मान हलवली आणि भाव परत सांगितला, सावकाश, स्वच्छ.

तेव्हा मी माझं जुनं हत्यार काढलं. कानाला हात लावला आणि म्हटलं, "समजलं नाही अण्णा. परत सांगा."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. तोंडाची चांगली बाजू हळूहळू वर गेली. मग ताठ बसले, श्वास भरला, आणि मांडीवर बोट न आपटता म्हणाले,

"समजलंय, अक्का. पैसे काढा."